माळावर कोण कोण राहतं

मोज्यात रुतलेलं कुसळ ओढून निघत नाही. टोकाशी मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ओढावं तसं ते अडकत जातं. शेवटी चिमटीत धरून पुढच्या बाजूनेच बाहेर काढावं लागतं. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, इंदापूर-बारामतीच्या माळांवर पावसाळा सरता सरता कुसळी गवत पिकतं. त्या दिवसांत माळ तुडवून आलेल्या माणसाच्या धोतरावर, पायजम्यावर आणि मेंढरांच्या लोकरीत ही कुसळं हमखास सापडतात. त्यातलं एखादं अखंड, लांब काळपट शेपटीसकट निघालेलं कुसळ ओल्या तळहातावर ठेवावं आणि थोडं थांबावं. शेपटीला पीळ असतो. ओल लागली की तो सुटू लागतो आणि कुसळ हातावर वळसे घेतं. वाळलं की पीळ पुन्हा भरतो. रात्री दहिवराने ओलं, दिवसा उन्हाने कोरडं, असं होत होत हे बी स्वतःला मातीत फिरवत नेतं. पेरणाऱ्याची वाट ते बघत नाही.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातावर हे घडलं की पहिला प्रश्न ठरलेला: हे जिवंत आहे का? उत्तर सोपं नाही. शेपटी मेलेली आहे, तिची हालचाल ओलाव्याची आहे. आतलं बी मात्र जिवंत आहे. मेलेला भाग जिवंत भागाला घरी पोचवतो, असं सांगितलं तर मूल गप्प होतं आणि मग दुसरं कुसळ शोधायला पळतं. बऱ्याच मुलांना कुसळ फक्त मुसळाच्या म्हणीतून ठाऊक असतं. म्हणीतलं कुसळ डोळ्यात जातं. माळावरचं मातीत जातं, आणि पुढच्या पावसात त्याचं गवत होतं.

कळंब हे इंदापूर तालुक्यातलं गाव. शेजारी वालचंदनगर, दक्षिणेला नीरा. सह्याद्री ओलांडून इथवर येईतो पाऊस थकलेला असतो. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. तरीही कळंबच्या शिवारात उभं राहिलं तर नजर जाईल तिथे ऊस. हे पाणी आभाळातून थेट आलेलं नाही. ते भोरजवळच्या भाटघर धरणाचं, नीरा डाव्या कालव्याने वाहत आलेलं. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इथल्या ओसाड समजल्या जाणाऱ्या जमिनीवर साखर कारखाना उभारला, वसाहत वसवली, आणि माळाचे मळे झाले. त्याच दशकात, १९३५ साली, आर्थर टॅन्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘इकोसिस्टिम’ ही संकल्पना मांडली: झाडंझुडपं, प्राणी आणि त्यांच्या भोवतालची माती, पाणी, हवा हे सगळं मिळून एकच व्यवस्था समजावी. मराठी पुस्तकं तिला परिसंस्था म्हणतात. टॅन्सलीला कळंब माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण कोरड्या माळात कालवा शिरला की कोण जातं, कोण येतं आणि कोण जुळवून घेतं, हे मुलांना दाखवायला याहून चांगली जागा शोधावी लागेल.

चिंकारा उसात राहत नाही. त्याला लांबवर नजर पोचेल असं उघडं रान लागतं. कोल्हा मात्र उसात मजेत राहतो, आणि अलीकडे बिबट्याही. चोचीशी पिवळी झालर असलेली माळटिटवी पाटाच्या पाण्याला कंटाळून मागे सरते. लाल झालरीची टिटवी बांधावर येऊन ओरडू लागते. दोन टिटव्यांमधला हा सीमावाद कळंबच्या पोराला सायकलवरून दिसू शकतो. त्याला तो कोणी दाखवलेला नसतो, एवढंच.

शाळेत तिसरीपासून परिसर अभ्यासाचं पुस्तक असतं. त्यात अन्नसाखळी असते, आणि गावोगावच्या शाळांच्या भिंतींवरही ती रंगवलेली असते: खाली गवत, मध्ये हरीण, वर वाघ किंवा सिंह. सिंह महाराष्ट्रात नाही याची भिंतीला फिकीर नसते. ५ जूनला पर्यावरण दिन येतो, मुलं एकेक रोप लावतात, फोटो निघतो. झाड लावण्यात वाईट काय? काहीच नाही. पण वर्षानुवर्षं एवढंच होत राहिलं की मुलाच्या मनात एक समजूत घट्ट बसते: झाड म्हणजे निसर्ग, आणि जिथे झाड नाही तिथे काहीतरी बिघडलेलं आहे. मोठ्यांचीही हीच समजूत आहे. सरकारी नोंदीत गवताळ रानं ‘पडीक’ जमिनीत मोजली गेली, आणि हिरवं करण्याच्या सद्हेतूने कित्येक माळांवर चर खणून ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली गेली. पवना, मारवेल, कुसळी या गवतांना ऊन लागतं. सावली पडली की ती मागे हटतात, आणि त्यांच्या भरवशावर जगणारे प्राणीही हटतात. माळाला औषध म्हणून जे दिलं तेच त्याला बाधलं. हे शिकवायला वर्गाची खोली पुरत नाही. तिथे माळाचा वासही येत नाही.

तेव्हा कळंबच्या एखाद्या शाळेची सहल कडबनवाडीला निघाली आहे अशी कल्पना करावी. कडबनवाडी याच इंदापूर तालुक्यात आहे, फार दूरही नाही. तिथलं गवताळ रान चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. खोकड, लांडगा, तरस यांचाही तिथे वावर आहे. २०२४ मध्ये वनविभागाने इंदापुरातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला गवताळ रानाची सफारी सुरू केली, तेव्हापासून शहरांतून गाड्या येऊ लागल्या. बारामती तालुक्यातच सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, १९९७ मध्ये जाहीर झालेलं. पुण्याची मुलं कॅमेरे घेऊन हे बघायला येतात आणि कळंबची मुलं डिसेंबरात महाबळेश्वरला जातात. यात कोणाची चूक काढण्यासारखं नाही. सहल म्हणजे लांब जाणं, असं सगळ्यांनीच मानलेलं आहे.

सप्टेंबर संपत आलेला असावा. सकाळ नुकतीच फुटलेली. गवत गुडघाभर, तुऱ्यांवर दव. मधूनमधून बोरीची, हिवराची, तरवडाची झुडपं. मुलं उतरतात, इकडे-तिकडे बघतात, आणि पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, “सर, हितं तर कायच न्हाई.”

चांगला शिक्षक हे वाक्य खोडून काढत नाही. त्याला याच वाक्यापासून सुरुवात करायची असते.

जोसेफ कॉर्नेल नावाच्या अमेरिकन निसर्गशिक्षकाने १९७९ मध्ये मुलांसाठीच्या निसर्गखेळांचं एक पुस्तक लिहिलं. ते खेळ आता जगभर खेळले जातात, आपल्याकडच्या निसर्गशिबिरांतही. कॉर्नेलचाच एक खेळ फार साधा आहे. दोन-दोन मुलांच्या जोड्या करायच्या. एक जण कॅमेरा, दुसरा छायाचित्रकार. कॅमेऱ्याने डोळे मिटायचे. छायाचित्रकार त्याला हात धरून नेतो, कुठेतरी वाकवतो किंवा उभा करतो, आणि खांद्यावर टिचकी मारतो. तेवढे दोन-तीन क्षण डोळे उघडायचे, मग पुन्हा बंद. छायाचित्रकाराला विषय शोधावाच लागतो. ‘कायच न्हाई’ असं म्हणून भागत नाही. मग कोणी कॅमेऱ्याचं नाक कोळ्याच्या दव धरलेल्या जाळ्यापाशी नेतो, कोणी मेंढराच्या वाळलेल्या कवटीपाशी. कोणी नुसतं आभाळ दाखवतो, कारण गावात इतकं आभाळ एकसंध दिसत नाही. मिटलेल्या डोळ्यांनी चालताना पायाखालची जमीन कळते, गवताचा आवाज कळतो, आणि जोडीदाराने आपल्याला खड्ड्यात घालू नये म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. तोही शिक्षणाचाच भाग आहे.

दुसरा खेळ मुंगीच्या सहलीचा. हातभर-दोन हात सुतळी जमिनीवर टाकायची, हाती भिंग असलं तर उत्तम, आणि त्या सुतळीच्या कडेने पोटावर सरपटत जायचं. गुडघ्यावर नाही, पोटावर. आपण मुंगीएवढे झालो आहोत असं धरून चालायचं. वाटेत काय लागतं ते बघायचं आणि आपल्याशीच सांगायचं: हा डोंगर आहे, हे जंगल आहे, हा रस्ता कोणीतरी बंद केलाय. माळावर दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांची वारुळं असतात. भोकाभोवती गवताच्या बियांची टरफलं गोल पसरलेली असतात, खळ्यावर मळणीनंतर भूस पसरावं तशी. मुंग्या बी आत नेतात, सोलतात, कोंडा बाहेर टाकतात. सुतळी नेमकी अशा खळ्यावरून गेली तर सहल तिथेच थांबते. बियाणं वाहणारी मुंगी आपल्यापेक्षा मोठं ओझं धरून मागे मागे चालते आहे, दुसरी येऊन तिच्याशी ओढाताण करते, आणि मूल जमिनीला गाल टेकून त्यांचं भांडण बघत राहतं. पुढे सुक्या शेणाचा पापुद्रा. तो हळूच उचलला तर खाली वाळवी. पापुद्रा पुन्हा होता तसा ठेवायचा, हेही तिथेच शिकवायचं, कारण ते तिचं छप्पर आहे. कुठे शेणकिडा चेंडू ढकलत चाललेला दिसला तर त्या दिवसाची कमाईच झाली. आफ्रिकेतल्या एका जातीचे शेणकिडे रात्री आकाशगंगेच्या उजेडाने दिशा धरतात, हे २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी तारांगणात प्रयोग करून दाखवलं. पायाशी शेण आणि डोक्यावर आकाशगंगा, दोन्ही एकाच किड्याच्या कामाची. एवढी गोष्ट सांगितली की शेणाकडे नाक मुरडणारी मुलं जवळ सरकतात.

अन्नसाखळीतली जी पायरी भिंतीवर कधीच रंगवली जात नाही ती इथे असते. मेलेलं, वाळलेलं, टाकलेलं सगळं परत मातीला देणारी ही मंडळी. त्यांच्यावाचून वरचे मजले उभेच राहणार नाहीत.

मुलांना शिकवायला माळावर नेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारल्यांची मुलं शाळेत येत नसत, कारण त्यांना गुरं राखायची असत. मग शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरं चरत असत आणि मुलं शिकत असत. मॉन्टेसोरीची महागडी लाकडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, खडे, शंख-शिंपले हीच साधनं झाली. गुराख्याच्या मुलाला गवत कोणतं, ते कधी पिकतं, गाय कोणतं तोंडात घेते आणि कोणतं टाळते हे आधीच ठाऊक असे. शाळेला त्याच्या पुढून सुरुवात करता येत होती. कोसबाडच्या या प्रयोगाची आठवण बालवाडी, अंगणवाडीच्या निमित्ताने निघते. त्यातलं कुरण मात्र मागे राहिलं. ते पुन्हा पुढे आणावं इतकं मोलाचं आहे.

कारण कळंबच्या वर्गातही असा जाणकार बसलेला असतो. धनगराच्या घरचा मुलगा किंवा मुलगी. दरवर्षी आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते तेव्हा काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला गोल रिंगण, घोडे धावतात. या भागातल्या प्रत्येक पोराने हे बघितलेलं असतं. पण उरलेल्या वर्षात त्या मेंढ्या कुठे चरतात, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पावसाळ्यात माळावर, दिवाळीनंतर अनेक कळप घाट उतरून कोकणाकडे, आणि वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, कारण त्यांच्या लेंड्या-मुताने जमिनीला खत मिळतं. माळावरचं गवत मेंढराच्या पोटातून बागायतदाराच्या रानात पोचतं. वर्गात कमी बोलणारं ते मूल माळावर आलं की पुढे चालू लागतं. चिंकाऱ्याच्या लेंड्या आणि शेळीच्या लेंड्या यांतला फरक ते सांगतं. चिंकारा ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, त्याचे ढीग होतात आणि ते ढीग म्हणजे त्याच्या हद्दीच्या खुणा, हे पुस्तकात असलं तरी त्या मुलाने ढीग आधी पाहिलेला असतो. त्या दिवशी शिक्षकाने मागे चालावं.

चिंकाऱ्याचा खेळ असा घेता येतो. मुलांना सांगायचं, आज तुम्ही चिंकारा. ओढा आटलेला आहे, पाणवठ्यावर कुत्री बसली आहेत. बाटलीला हात लावायचा नाही. दुपारपर्यंत पाणी कुठून मिळवाल? थोडा वेळ गोंधळ, मग एकजण गवताच्या पात्यावरचं दव बोटाने टिपतो. कोणी तरवडाचं पान चुरगळून बघतं. बोराची आठवण सगळ्यांनाच येते, पण बोरं पिकायला अजून वेळ असतो, तेव्हा ‘मग तोवर काय?’ हा पुढचा प्रश्न उभा राहतो. चिंकारा खरोखरच बराच काळ पाण्यावाचून काढू शकतो. पाल्यातून, फळांतून आणि दवातून त्याची गरज भागते. बाटल्या अर्थातच लवकर उघडाव्या लागतात. पण त्या आधीची कोरड मुलाच्या लक्षात राहते, आणि ‘अनुकूलन’ हा परीक्षेतला शब्द त्या कोरडीला येऊन चिकटतो. मग सावध चिंकारा पुढचा पाय कसा आपटतो आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज कसा काढतो, याची नक्कल सुरू होते. वर्गभर पाय आपटले जातात.

तेवढ्यात खरा चिंकारा दिसला तर? तो दिसतो तेव्हा बहुधा पाठमोरा, काळं शेपूट सारखं हलवत, गवताच्या वर तरंगत गेल्यासारखा. दिसला नाही तरी सहल वाया जात नाही. सफारीला आलेल्या माणसाचा दिवस जनावर दिसण्यावर तोललेला असतो. मुलांचा तसा तोलू नये.

लांडग्याचा विषय मात्र खेळात घेताना जपायला हवा. गोष्टींतला लांडगा लबाड आणि खादाड असतो, आणि ज्या घरातलं मेंढरू त्याने नेलंय त्या घरातल्या मुलाला तो तसाच वाटणं साहजिक आहे. त्या मुलासमोर ‘लांडगा किती महत्त्वाचा’ असं व्याख्यान देणं हा अन्याय होईल. त्यालाच सांगू द्यावं: रात्री कुत्री कशी भुंकली, वाघरीच्या जाळीतून काय गेलं, सकाळी काय सापडलं. भरपाईची तरतूद आहे, पण तिला पंचनामा लागतो, आणि कळप तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी निघालेला असतो. तरीही नेलेलं मेंढरू हा लांडग्याचा वाटा मानणारे मेंढपाळ आजही भेटतात. माळावर जंगली भक्ष्य कमी झालं, त्यामुळे लांडगा मेंढरांच्या मागोमाग फिरू लागला. मेंढपाळाचं आणि त्याचं आयुष्य असं एकमेकांत गुंतलेलं आहे. त्यात आता तिसरा आलाय, गावचा भटका कुत्रा. तो चिंकाऱ्याचा पाठलाग करतो, रोग आणतो, आणि पुण्याजवळच्या माळांवर लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचं अभ्यासकांनी जनुकीय तपासणीतून दाखवलं आहे. हॉटेलामागे टाकलेलं उरलंसुरलं अन्न कुत्र्यामार्फत माळावरच्या लांडग्याच्या रक्तापर्यंत पोचतं, ही गोष्ट सहावी-सातवीच्या मुलांना नीट कळते.

आणि मग सुतळीचा मोठा गोल. हाही कॉर्नेलच्याच पोतडीतला. मुलं रिंगण करून उभी राहतात. एक गवत, एक नाकतोडा, एक मेंढरू, एक बोर. गवताच्या हातातली सुतळी नाकतोड्याकडे जाते. नाकतोडा कोण खातं? चंडोल खातो, आणि भोवत्या. भोवत्या हा शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतो आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर झोपतो, म्हणून त्याच्याकडून सुतळी पुन्हा गवताकडे. खोकड बोरं खातं आणि बिया दुसरीकडे टाकतं, म्हणून खोकडाकडून बोरीकडे. बोरं तर गोलातल्या सगळ्यांनीच खाल्लेली असतात, संक्रांतीत धाकट्याचं बोरन्हाणही घातलेलं असतं. तेव्हा माणूसही गोलात येतो. हळूहळू मध्ये असं जाळं होतं की कोणाला हलता येत नाही. मग शिक्षक सांगतात, गवत नांगरलं गेलं, खाली बसा. गवत बसतं, त्याच्या सुतळ्या ताणल्या जातात, ज्याला ओढ लागली तोही बसतो, त्याची ओढ पुढच्याला. काही सेकंदांत अर्धा गोल जमिनीवर असतो. बहुतेक वेळा एखादं मूल उभंच राहायचं म्हणून सुतळी सोडून देतं. त्याला रागवू नये. ‘सोडून कुठे जाशील?’ एवढंच विचारावं.

रेचल कार्सन या अमेरिकन लेखिकेने आपल्या भाचीच्या लहानग्या मुलाला, रॉजरला, मेन राज्याच्या किनाऱ्यावर रात्री-अपरात्री, वाऱ्या-पावसात फिरवलं. त्या भटकंतीवरचं तिचं छोटं पुस्तक तिच्या निधनानंतर, १९६५ मध्ये निघालं. नावं पाठ करून घेण्यापेक्षा सोबत चकित होणाऱ्या एका मोठ्या माणसाची मुलाला जास्त गरज असते, असा तिचा अनुभव. आपल्याकडे किरण पुरंदरे यांनी हेच काम आवाजाने केलं. ‘सखा नागझिरा’ लिहिणारे, पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणारे पुरंदरे मुलांना घेऊन निसर्गात हिंडत आले आहेत. पक्ष्याचा आवाज माणसाच्या गळ्यातून निघालेला ऐकला की मुलं आधी हसतात आणि मग आपापल्या गळ्यात तो शोधू लागतात. शोधायला गप्प बसून ऐकावं लागतं. शिस्तीची शिट्टी तिथे लागत नाही.

कळंबहून दुसऱ्या दिशेला एक वेगळीच परिसंस्था आहे, भिगवणची. १९८० च्या सुमाराला उजनी धरण पुरं झालं, भीमेच्या काठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाणी उतरलं की आजही वर दिसतं. त्या उथळ फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. रोहित डोकं उलटं करून खातो, वरची चोच खाली आणि खालची वर, आणि चोचीतल्या झालरीतून चिखल-पाणी गाळून घेतो. मुलांनी कमरेत वाकून डोकं जमिनीकडे उलटं करावं आणि त्या स्थितीत जग बघावं. रोहिताचं जेवण कसं असतं ते कळतं. ज्या पाण्याने गावं बुडवली त्याच पाण्याने पक्ष्यांना ताट वाढलं. यातलं चांगलं काय आणि वाईट काय, हे मुलांनीच बोलावं. विस्थापिताची नात त्याच बाकावर असू शकते.

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. पालकांची संमती, बस, परवानग्या, साप-विंचवाची भीती, आणि पाठ्यक्रम संपवायचा राहिलेला. माळावर जाताना वनविभागाची परवानगी हवी, वाट सोडायची नाही, कारण टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांत मिसळून जातात. पंचवीस-तीस मुलं, दोन-तीन जाणती माणसं, यापेक्षा गर्दी नको. सहलीचा मोसमही बदलायला हवा. डिसेंबरात गवत वाळून सोनेरी होतं, तेही सुंदर असतं. पण माळ जेव्हा खरा कामात असतो, फुलत, विणत, अंडी घालत, दाणे साठवत, तेव्हा शाळेत पहिली चाचणी चाललेली असते. एखाद्या वर्षी चाचणी आठवडाभर पुढे ढकलली तर कोणाचं बिघडेल?

ज्यांना माळही परवडत नाही त्यांच्यासाठी शाळेच्या कुंपणाबाहेरचा ऊस आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मराठवाड्यातून, बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, त्यांच्या झोपड्या म्हणजे कोप्या पडतात, आणि त्यांची मुलं साखरशाळेत जातात किंवा फडातच असतात. उसात कोण राहतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. धामण, मुंगूस, घोरपड, ससा, रानमांजर, रानडुक्कर. कोयता सरकत जातो तसे एकेक बाहेर पडतात. जुन्नरकडे तर फड तोडताना बिबट्याची पिल्लं सापडतात. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातली माणसं ती तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी पेटीत ठेवून दूर थांबतात, म्हणजे रात्री आई येऊन घेऊन जाते. बहुतेकदा येतेच. ही गोष्ट कळंबच्या वर्गात साखरशाळेतल्या मुलाने सांगावी आणि बाकीच्यांनी ऐकावी, अशी एक सहल निघायला हरकत नाही. तिला बसही लागत नाही. मग फडाच्या कडेला सुतळी घेऊन पुन्हा गोल करायचा. इथे मात्र भांडणं होणार. ऊस कोणी व्हायचं यावर नाही, त्याला सगळेच तयार असतात. भाटघरचं पाणी कोणी व्हायचं, कोयता गोलात घ्यायचा की नाही, आणि तोडणी झाल्यावर उंदरांनी, कोल्ह्याने आणि कोपीतल्या माणसांनी कुठे जायचं, यावर.